आधी टाकीचं झाकण बघा
दादा, बागेतला जुना मिनी ट्रॅक्टर वीस मिनिटं चालून गपकन बंद पडतो आणि जरा थांबलं की परत सुरू होतो, म्हणताय ना? मग डिझेल पंप लगेच खोलू नका. बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण सैल करा. फुस्स करून हवा आत ओढली गेली, तर झाकणाचं हवा आत जायचं बारीक भोक बुजलंय, म्हणून डिझेल पुढे जात नाही. आमचं फवारणीच्या पावडरीनं बुजलं होतं, तारेनं मोकळं केलं. (त्याआधी पंपावर चार हजार घालवून बसलो होतो!) आवाज नाही आला, तर डिझेलच्या नळीत हवा अडकली असेल; डिझेल फिल्टरवरचा एअर स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) ढिला करून इंजिनावरचा डिझेलचा छोटा हातपंप मारा, बुडबुडे जाऊन निव्वळ डिझेल येईपर्यंत. बुडबुडे संपतच नसले तर बँजो बोल्टचे (डिझेलची नळी जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर बदला, तिथून हवा शिरत असेल.