ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) पहिलं वर्ष: हालचालींचे आणि न्यूरोचे शब्द लक्षात कसे ठेवायचे?

नवखी_ओटी
नमस्कार मंडळी, बारावीपर्यंत मराठीतच विचार करणारी मी, आता ऑक्युपेशनल थेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. फ्लेक्शन-एक्स्टेन्शन (वाकवणं-सरळ करणं) कसंबसं जमतं पण ॲबडक्शन-ॲडक्शन, सुपिनेशन-प्रोनेशन व्हायवात (तोंडी परीक्षेत) हमखास उलटं होतं, आणि पुढचे प्लेजिया, पॅरेसिस, स्पॅस्टिसिटी, रिजिडिटी तर सगळे एकाच माळेचे मणी वाटतात. पाठ केलं की दोन दिवसांत सफाचट. काय करू?

खांदेकरीण
आधी वही मीट. देवळात तीर्थ घ्यायला हात पुढे करतेस, तळहात वर, ते सुपिनेशन. आजी डोक्यावर हात ठेवते तेव्हा तिचा हात प्रोनेशनमध्ये. पळवून नेण्यालाही इंग्रजीत ॲबडक्शनच म्हणतात, म्हणजे शरीराच्या मधल्या रेषेपासून लांब, आणि तिच्याकडे आणलं की ॲडक्शन. पण हाताच्या बोटांसाठी ती रेषा मधल्या बोटातून जाते आणि पायाच्या बोटांसाठी दुसऱ्या बोटातून, इथे पोरं आपटतात. अंगठा तर महाबिलंदर! तळहात वर करून टेबलावर ठेव, अंगठा सरळ छताकडे उचलला की ॲबडक्शन, तळव्यावरून आडवा सरकवला की फ्लेक्शन.

फिजिओदादा
+१. प्लेजिया म्हणजे ताकद गेलीच, पॅरेसिस म्हणजे कमी झाली. हेमि लागलं की शरीराची एक बाजू, पॅरा लागलं की दोन्ही पाय. स्पॅस्टिसिटी आणि रिजिडिटी दोन्हीत स्नायू ताठरतात, पण स्पॅस्टिसिटी वेगावर अवलंबून असते, हात हळू सरळ केलास तर जातो, झटक्यात केलास तर मध्येच अडतो. रिजिडिटीत हळू कर नाहीतर जोरात, वाकव नाहीतर सरळ कर, विरोध तेवढाच, शिशाचा पाइप वाकवल्यासारखा. पार्किन्सनमध्ये तोच दातेरी चाकासारखा अडतअडत लागतो. मॉडिफाइड ॲशवर्थ स्केल स्पॅस्टिसिटी मोजण्यासाठी, ग्रेड ०, १, १+, २, ३, ४. तो १+ विसरू नकोस, व्हायवात तेवढंच विचारतात :)

कोशिंबीर
मी यातली नाही, पण सासऱ्यांना स्ट्रोक झाला होता, मेंदूची उजवी बाजू. ताटात डावीकडची चटणी-कोशिंबीर रोज तशीच राहायची, आम्हाला वाटायचं आवडत नाही, आणि एकदा ताट फिरवलं तर सगळं खाल्लं की! नजर ठीक होती, पण डावी बाजू त्यांच्या लेखी नव्हतीच. ओटीवाल्या ताईंनी शब्द सांगितला, नेग्लेक्ट. अजून विसरले नाहीये.

खांदेकरीण
@कोशिंबीर, अगदी. अप्रॅक्सियाही असाच, हातात ताकद असते पण कंगवा दिला तर माणूस दात घासायला बघतो. आणि नवखी, पेशंट कधीच पॅरेसिस म्हणणार नाही, तो म्हणेल हात जड झालाय, वारं गेलंय. तेही शब्द वहीत लिही.

नवखी_ओटी
सगळ्यांना थँक्यू! अंगठा आत्ता टेबलावर करून बघितला, आई विचारतेय काय चाललंय. एक शंका, चहाचा कप उचलताना हात सुपिनेशनमध्ये की प्रोनेशनमध्ये?

फिजिओदादा
कान धरून उचललास तर दोन्हीच्या मध्ये, मिड-प्रोन. बशीत ओतून पीत असशील तर नवा धागा काढ.