स्थित्यंतर की सत्तांतर? आणि 'शिल्पकार' कोणाला म्हणावे?

प्रश्न : स्पेनचे माजी पंतप्रधान अदोल्फो सुआरेझ यांच्यावर लेख लिहिते आहे. फ्रँकोच्या हुकूमशाहीतून देश लोकशाहीत आला, त्याला 'सत्तांतर' म्हणू का? आणि सुआरेझ यांना 'लोकशाहीचे शिल्पकार' म्हटलेले चालेल?

उत्तर : 'सत्तांतर' नको. त्यात सत्ता एकाकडून दुसऱ्याकडे जाते, एवढेच. तसे सत्तांतर नोव्हेंबर १९७५ मध्ये फ्रँको वारल्यावर झाले आणि हुआन कार्लोस राजे झाले. पण कायदे तेच, पक्षांवरची बंदीही तीच. पुढे व्यवस्थाच पालटली, ते 'स्थित्यंतर'.

'शिल्पकार' मला पटत नाही. घटनेचे शिल्पकार म्हटले की आपल्याला बाबासाहेब आठवतात, कारण मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते. स्पेनच्या १९७८च्या घटनेचा मसुदा सात जणांनी तयार केला आणि त्यांत सुआरेझ नव्हते. त्यांचे मोठेपण निराळे आहे. फ्रँकोच्या एकमेव अधिकृत पक्षसंघटनेचे सरचिटणीसपद सांभाळलेला हा माणूस जुलै १९७६ मध्ये पंतप्रधान झाला आणि नोव्हेंबरात त्याने फ्रँकोकालीन संसदेकडूनच राजकीय सुधारणांचा कायदा संमत करून घेतला. ४२५ मते बाजूने, ५९ विरोधात! सभागृहाने आपल्याच अस्ताला संमती दिली. एप्रिल १९७७ मध्ये त्यांनी कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठवली. लष्कर खवळले, नौदलमंत्र्यांनी राजीनामा दिला, तरी जूनमध्ये निवडणूक झालीच. अशा माणसाला मी 'कर्णधार' म्हणेन. कर्ण म्हणजे सुकाणू. क्रिकेटमुळे मूळ अर्थ मागे पडला आहे, पण इथे तो नेमका बसतो.

आणखी एक मत : 'सूत्रधार' का नाही? सगळी सूत्रे त्यांच्याच हाती होती ना?

उत्तर : सगळी नव्हती. त्या कायद्याचा मसुदा तोर्क्वातो फर्नांदेझ-मिरांदा यांचा. संसदेचे अध्यक्षही तेच. नांदीनंतर येऊन नाटक सुरू करून देणारा तो सूत्रधार, या अर्थाने हा शब्द त्यांना द्यावा. मात्र बातम्यांमध्ये 'कटाचा सूत्रधार', 'हल्ल्याचा सूत्रधार' असे इतके येते की लेखात संदर्भ स्पष्ट हवा. २३ फेब्रुवारी १९८१च्या फसलेल्या लष्करी उठावाबद्दलही तुम्ही लिहिणार असाल, तर त्या परिच्छेदात 'सूत्रधार' उठाव करणाऱ्यांनाच चिकटेल. त्या दिवशी सभागृहात गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा सुआरेझ आपल्या आसनावरून हलले नाहीत.

प्रश्नकर्ती : पटले. 'संक्रमण' कसे वाटते?

उत्तर : काळासाठी उत्तम : 'संक्रमणकाळ', 'संक्रमणावस्था'. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो ते संक्रमण, म्हणजे त्यात मधली वाट आहे. पण नुसते 'संक्रमण' आता हिंदीच्या प्रभावाने संसर्गाच्या अर्थानेही छापले जाते, म्हणून शीर्षकात टाळा. आणि क्रियापदही जपून वापरा. 'सुआरेझ यांनी लोकशाही आणली' असे लिहिले, तर संपावर गेलेले कामगार, तुरुंगात राहिलेले विरोधक आणि डिसेंबर १९७६च्या सार्वमतात मत देणारे लोक वाक्यातून गळतात. 'स्थित्यंतराचे नेतृत्व केले' लिहा.