लॉर्ड हॉक यांचे कर्तृत्व नेमके कशात होते?

गल्लीतला पंच (प्रश्न):
इंग्लंडच्या काउंटी क्रिकेटचा, म्हणजे परगण्यांच्या संघांमधल्या सामन्यांचा, जुना इतिहास वाचताना यॉर्कशायरचे लॉर्ड हॉक वारंवार भेटतात. प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांची फलंदाजीची सरासरी जेमतेम २०, गोलंदाजी नाहीच म्हणावी अशी. तरीही १८८३ पासून १९१० पर्यंत ते कर्णधार राहिले आणि त्या काळात संघाने आठ वेळा काउंटी अजिंक्यपद मिळवले. हर्स्ट आणि ऱ्होड्स यांच्यासारखे अष्टपैलू खेळाडू ज्या संघात आहेत तो जिंकणारच, असे म्हणून विषय मिटवावा, की या बिनपगारी, हौशी कर्णधाराचा त्यात खरोखर वाटा होता? उमराव घराण्यातला म्हणून त्यांना संघ आंदण मिळाला होता का?

जुना वाचक:
आंदण मिळाला, यात शंका नाही. त्यांच्याआधीचा कर्णधार टॉम एमेट हा चाळिशी ओलांडलेला व्यावसायिक गोलंदाज होता, आणि १८८३ नंतर तो केंब्रिजात शिकणाऱ्या एका विशीतल्या तरुणाच्या हाताखाली खेळू लागला. पण त्या संघाची तेव्हाची ख्याती ‘दहा दारुडे आणि एक पाद्री’ अशी होती, हेही लक्षात घ्यावे. हॉक यांनी जे बदलले ते मैदानाबाहेरचे. व्यावसायिकांना पैसे मिळत ते उन्हाळ्यातल्या सामन्यांचे. सप्टेंबरात हंगाम संपला की पुढची सोय ज्याची त्याने पाहायची. १८९६ पासून यॉर्कशायरने आपल्या नियमित खेळाडूंना हिवाळ्यातही आठवड्याला २ पौंड द्यायला सुरुवात केली आणि यामागे हॉक यांचाच आग्रह होता. घरची चूल पेटती राहील याची खात्री असलेला गोलंदाज मे महिन्यात वेगळ्याच उमेदीने मैदानात उतरतो, असे माझे मत आहे. अजिंक्यपदांचा बराचसा खुलासा मला इथे सापडतो.

आडवी बॅट:
दुसरी बाजूही नोंदवतो. १८९६ मध्ये एजबॅस्टनला वॉरिकशायरविरुद्ध यॉर्कशायरने ८८७ धावा केल्या; काउंटी अजिंक्यपद स्पर्धेतली ती आजही सर्वोच्च धावसंख्या आहे. त्या डावात बॉबी पील नाबाद २१० आणि हॉक १६६, अशी दोघांनी आठव्या गड्यासाठी २९२ धावांची भागीदारी केली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये शेफील्डला पील दारूच्या नशेत मैदानात आला, तेव्हा हॉक यांनी त्याला बाहेर काढले आणि त्याची यॉर्कशायरची कारकीर्द तिथेच संपली. (त्याने खेळपट्टीवर काय केले याची एक चावट कथा सांगतात, ती ऐकीव समजून सोडून द्यावी.) कसोटीत शंभरावर बळी घेतलेल्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला असे घरी पाठवण्याची हिंमत पगारी कर्णधाराला झाली असती का, याची मला शंका आहे. रिकामी झालेली जागा १८९८ मध्ये विल्फ्रेड ऱ्होड्सने घेतली आणि पहिल्याच हंगामात दीडशेहून अधिक बळी मिळवले. नशीबही साथ देत होते, म्हणायचे.

तिसरी स्लिप:
वरील दोन्ही प्रतिसादांत हॉक यांचे जरा अधिकच कौतुक झाले आहे. खेळाडूच्या मदतनिधी सामन्याची (ज्याचे उत्पन्न त्या खेळाडूसाठी असते अशा सामन्याची) रक्कम पूर्वी त्याच्या हाती पडत असे. हॉक यांच्या व्यवस्थेत तिचे दोन तृतीयांश क्लबच ठेवून घेई आणि गुंतवी. हेतू चांगला असेलही, पण स्वतःच्या घामाचा पैसा सांभाळण्याइतकी अक्कल या माणसाला नाही, हे त्यात गृहीत धरलेले होते. हिवाळी पगार आणि पीलची हकालपट्टी हे मला एकाच वृत्तीचे आविष्कार वाटतात: खेळाडूंचे पालनपोषणही मालकाने करायचे आणि कान उपटायचे तेही त्यानेच. १९२५ मध्ये लँकेशायरच्या सेसिल पार्किनने इंग्लंडचा कर्णधार आर्थर गिलिगन याच्यावर वृत्तपत्रातून टीका केली, तेव्हा हॉक यांनी यॉर्कशायर क्लबच्या सभेत काय उद्गार काढले ते प्रसिद्धच आहे: इंग्लंडचे कर्णधारपद व्यावसायिकाकडे कधीही न जावो, अशी त्यांनी देवाकडे प्रार्थना केली. यॉर्कशायरमध्ये जन्मलेल्यांनीच यॉर्कशायरकडून खेळावे, हा दंडक पाळणाऱ्या क्लबचे हे सर्वेसर्वा स्वतः लिंकनशायरमध्ये जन्मले होते, ही गंमत वेगळीच.

जुना वाचक:
मालकी वृत्तीचा मुद्दा मान्य. मात्र ज्या काळात इतर बहुतेक काउंट्या हिवाळ्यात खेळाडूची विचारपूसही करत नसत, त्या काळाच्या मापाने हॉक उजवेच ठरतात.

मराठी वाचकांसाठी दोन नोंदी जोडतो. हॉक १८९२ च्या हिवाळ्यात संघ घेऊन मुंबईला आले होते. केंटचे माजी कर्णधार लॉर्ड हॅरिस तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. पारशी संघाने पहिल्या सामन्यात पाहुण्यांना १०९ धावांनी हरवले. दुसरा सामना पाहुण्यांनी अवघ्या ७ धावांनी जिंकला.

आणि ती प्रार्थना मोडली ती हॉक यांच्या निधनानंतर १४ वर्षांनी, यॉर्कशायरच्याच भूमीवर, भारताविरुद्ध. १९५२ मध्ये लीड्सच्या कसोटीत व्यावसायिक लेन हटन इंग्लंडचा कर्णधार म्हणून विजय हजारे यांच्यासमोर नाणेफेकीला आला. पहिल्या डावात विजय मांजरेकरने १३३ धावा काढल्या; दुसऱ्या डावात मात्र शून्यावर चार गडी बाद झाले, त्यांत माधव मंत्री आणि मांजरेकरही होते. हाच हटन त्या वर्षी यॉर्कशायरकडून खेळताना मात्र नॉर्मन यार्डली या हौशी कर्णधाराच्या हाताखाली खेळत होता. काउंटीने व्यावसायिक विक विल्सनकडे सूत्रे सोपवली ती थेट १९६० मध्ये.