जुन्या संगणकावर लिनक्स टाकलं, पण लग्नपत्रिकेचं काय?

छपाईवाला, जळगाव:
१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, संपला. दुकानातल्या तीनपैकी दोन संगणकांत टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, त्यामुळे विंडोज ११ रीतसर बसत नाही. भाच्यानं एकावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकून दिली. मशीन पळायला लागलं, मनापासून आवडलं. मग लगीनसराई आली. पारोळ्याचं गिऱ्हाईक पेन ड्राइव्हवर थोरल्या मुलीची पत्रिका घेऊन आलं. म्हणे, नावं आणि तारीख बदला, बाकी तीच ठेवा. फाइल कोरलड्रॉ या विंडोजवरच्या डिझाइनच्या प्रोग्रामची, अक्षरं कृतिदेव या जुन्या फॉन्टची. मिंटवर इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये उघडली तर 'श्री'च्या जागी इंग्रजी जे आणि एच! गणपती सरकून कोपऱ्यात. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं. माझं रोजचं काम ज्यावर होत नाही, ती सिस्टिम फुकट मिळाली तरी मला परवडत नाही.

भुसावळचा भाऊ:
भो, यात लिनक्सचा काय दोष? कृतिदेव इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवतो. तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही जे-एचच दिसेल. फॉन्टची फाइल मिंटमध्येही बसते, बसवून बघा. खरा अडसर आपण वीस वर्षं युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला कोड देणारी पद्धत, टाळली हा आहे.

हिशेबनीस, रावेर:
युनिकोडनं माझं भागत नाही, दादा. केळीच्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते. डिजिटल सहीच्या टोकनचा (पेन ड्राइव्हसारखं असतं) ड्रायव्हर लिनक्सवर दोन दिवस खटपट करूनही चालला नाही आणि जीएसटीची तारीख काही थांबत नाही. शेवटी दुसऱ्याच्या संगणकावर जाऊन सही केली.

शिक्षक, शहादा:
आमच्या शाळेत सगळं ब्राउझरमध्येच चालतं. प्रश्नपत्रिका लिबरऑफिस या फुकट ऑफिस प्रोग्राममध्ये, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डनं. दोन वर्षांत एकदाही अडलं नाही. कामाप्रमाणे ठरवा, सरसकट नाही म्हणू नका.

छपाईवाला, जळगाव:
सर, तुमच्याकडे बाहेरची फाइल येत नाही. माझ्याकडे रोज येते.

धुळेकर:
लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाइनवर कोरलड्रॉ चालवा, असं कोणी सांगेलच. वाइनचं काम १९९३ पासून चालू आहे, त्या लोकांबद्दल मला आदर आहे. पण आयबीएमची ओएस/२ ही सिस्टिम विंडोजपुढे मागे पडली, ते आठवा. १९९२ची २.० आवृत्ती विंडोजचे प्रोग्राम चालवायची. मग ओएस/२साठी वेगळा प्रोग्राम लिहायचा खर्च कंपन्यांनी कशाला करावा? उसन्या सॉफ्टवेअरवर सिस्टिम उभी राहत नाही.

भुसावळचा भाऊ:
इथे मात्र पटत नाही. २०००मध्ये कोरलड्रॉ ९ लिनक्ससाठी आलं होतं, तेही वाइनच्याच आधारानं. पुढे ते बंद पडलं; विकत घेणारेही थोडेच होते. आधी माणसं यायला हवीत आणि उसनं चाललं तरच ती येतात.

छपाईवाला, जळगाव:
भाऊ, फॉन्ट बसवला. 'श्री' दिसला, तुमचं खरं. गणपती अजून कोपऱ्यातच आहे. नव्या पत्रिका आजपासून मिंटवर युनिकोडमध्ये करतोय. जुन्या फाइलींसाठी एक विंडोज ठेवतो, इंटरनेटची वायर काढून.