ॲडब्लॉकर बंद करा नाहीतर बातमी विसरा, हे सगळीकडेच सुरू झालंय का?

पानोपानी
गेले दोन-तीन आठवडे बघतोय, रोज वाचतो त्या बातम्यांच्या साइटवर लेख उघडला की दुसऱ्या परिच्छेदावर पोचतो न पोचतो तोच पान धूसर होतं आणि मधोमध पाटी येते, तुम्ही ॲडब्लॉकर (जाहिराती लपवणारं सॉफ्टवेअर) वापरताय, तो बंद करा किंवा वर्गणी भरा. बरं म्हणून बंद केला, तर व्हिडिओ आपोआप सुरू, तोही आवाजासकट, खाली चिकटलेली पट्टी, आणि वाचता वाचता मधेच एखादी जाहिरात लोड झाली की सगळा मजकूर खाली सरकतो, मग कुठली ओळ वाचत होतो ते शोधत बसा. फुलीवर बोट ठेवायला जावं तर जाहिरातच उघडते. मला बातमीदारांचे पैसे बुडवायचे नाहीयेत, मनापासून सांगतोय, पण असं वाचायचं तरी कसं? आणि यांना कळतं कसं की मी ब्लॉकर लावलाय? सगळेच पब्लिशर अशी भिंत घालतायत का?

अर्धविराम
कळतं कसं तेवढं मी सांगतो. पानात एक आमिष ठेवलेलं असतं, छोटासा रिकामा चौकोन, डोळ्याला दिसतही नाही, पण त्याला नाव मुद्दाम जाहिरातीसारखं दिलेलं असतं. पानातलं काय काय लपवायचं हे ब्लॉकर ज्या फिल्टरच्या याद्यांवरून ठरवतो (ईझीलिस्ट ही त्यातलीच एक) त्यात अशी नावं असतात, त्यामुळे तो इमानेइतबारे तो चौकोन लपवून टाकतो. मग पानातली स्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत येणारा छोटा प्रोग्राम, त्या चौकोनाची उंची मोजते, शून्य आली की पाटी लावते. हे सगळं पान लोड झाल्यावर होतं म्हणून तुम्हाला पहिला परिच्छेद वाचायला मिळतो. पुढे यादीवाले त्या स्क्रिप्टलाच यादीत घालतात, साइटवाले तिचं नाव बदलतात, परत यादी बदलते, हे चालूच राहतं. काही जण तर जाहिराती स्वतःच्याच डोमेनवरून, म्हणजे साइटच्याच पत्त्यावरून पाठवतात, म्हणजे ब्लॉकरला लेखातला फोटो आणि जाहिरातीतला फोटो यातला फरक ओळखणं अवघड जावं.

शाईचा_डाग
मी एका बातम्यांच्या साइटवर बरीच वर्षं डेस्कवर होते म्हणून लिहितेय. भिंत सगळे घालत नाहीत. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये ॲपलने आयफोनच्या सफारीत ब्लॉकर चालू द्यायला सुरुवात केली आणि सगळ्यांचं धाबं दणाणलं, कारण तोपर्यंत हा प्रकार मुख्यतः कॉम्प्युटरवरचा होता. पुढच्याच महिन्यात जर्मनीतल्या बिल्ड या वृत्तपत्राने आपल्या साइटचं सरळ दार लावलं, ब्लॉकर काढा नाहीतर महिन्याला २.९९ युरो भरा. वायर्ड या अमेरिकन मासिकाने २०१६ मध्ये तेच केलं, आठवड्याला १ डॉलर, तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं की त्यांच्याकडे येणाऱ्यांपैकी साधारण २० टक्के लोक ब्लॉकर वापरतात. ब्रिटनच्या गार्डियनने मात्र बातम्या सगळ्यांना खुल्या ठेवल्या आणि वाचकांकडे मदत मागितली, मला स्वतःला तो मार्ग जास्त पटतो.

आमच्याकडे पाटी लावली त्या आठवड्यात आम्ही आकडे बघत होतो, थोड्या लोकांनी ब्लॉकर काढला, बरेचसे आल्या पावली परत गेले. लेखात जाहिरातींना किती जागा द्यायच्या हे आम्ही ठरवत नव्हतो, चार दिवस राबून केलेली बातमी आणि तिच्यात तिसऱ्या ओळीनंतर घुसवलेला व्हिडिओ, फार जिव्हारी लागायचं. वाचक चिडायचा आमच्यावर. माझं स्पष्ट मत आहे की आधी स्वतःचं पान वाचण्यालायक करा, मग वाचकाला ब्लॉकर काढायला सांगा.

कडीकुलूप
ताईंशी सहमत, पण सुरक्षेचा मुद्दा राहिला. २०१६ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्स, बीबीसी अशा साइटवर जाहिरातींच्या नेटवर्कमधून व्हायरसवाल्या जाहिराती शिरल्या होत्या, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस. साइट हॅक झालेल्या नव्हत्या, जाहिरातीची जागा त्या त्या क्षणी लिलावात विकली जाते आणि कोणाची जाहिरात लागणार हे पब्लिशरला आधी माहीतच नसतं. आता जो स्वतःच्या पानावर काय लागतंय याची हमी देऊ शकत नाही त्याने मला म्हणायचं की कुलूप काढून ठेव? मी नाही काढणार. वर्गणी भरेन.

तिरपी_रेघ
कोर्टातही झालंय सगळं. बिल्डची मालक कंपनी ॲक्सेल स्प्रिंगरने ॲडब्लॉक प्लस हा ब्लॉकर बनवणाऱ्या आयओ कंपनीवर केस केली, जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये सांगितलं की ब्लॉकर बेकायदा नाही. कॉपीराइटची वेगळी केस होती ती २०२५ मध्ये परत हॅम्बुर्गच्या कोर्टाकडे पाठवली, म्हणजे विषय मिटलेला नाहीये. पण आयओसुद्धा काही धुतल्या तांदळासारखी नाही हं, २०११ पासून त्यांची 'चालण्याजोग्या जाहिरातीं'ची यादी आहे, साध्या, न हलणाऱ्या जाहिराती ते जाऊ देतात आणि मोठ्या कंपन्यांकडून त्याचे पैसे घेतात. पब्लिशरांना याचा राग येणं मी समजू शकतो, तुमचंच दार अडवायचं आणि तुमच्याकडूनच टोल घ्यायचा.

पानोपानी
सगळ्यांचे आभार, खूपच कळलं. मी असं केलंय, ज्या दोन साइट रोज वाचतो त्यांच्यापुरता ब्लॉकर बंद ठेवलाय, एकीवर ठीक चाललंय, दुसरीवर तो आवाजवाला व्हिडिओ आहेच. तिची वर्गणी भरायची तयारी आहे पण वर्गणी भरूनही जाहिराती दिसणारच असं खाली बारीक अक्षरात लिहिलंय, मग काय करू?

शाईचा_डाग
वर्गणी भरायच्या आधी त्यांना मेल करा. नुसतं जाहिराती फार आहेत असं लिहिलंत तर काही होत नाही. त्या व्हिडिओचा स्क्रीनशॉट घ्या, जाहिरात कोणाची ते दिसू दे, लेखाची लिंक आणि वेळ लिहा. जाहिराती सांभाळणाऱ्या माणसाला तेवढ्यावरून ती एक जाहिरात शोधून बंद करता येते, आमच्याकडे वाचकांच्या अशा मेलवरून कितीदा तरी केलंय.

पानोपानी
आत्ताच पाठवला, तीन स्क्रीनशॉट जोडलेत. उत्तर आलं की इथेच लिहितो.