वय ४४, मुनीमगिरी सोडून जळक्या मोटरी भरायच्या (वाइंडिंग) म्हणतोय. सल्ला हवा (जळगाव)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

जळगावच्या एमआयडीसीत एका डाळ मिलमध्ये मी हिशेब बघतो. बी.कॉम. झाल्या झाल्या लागलो, त्याला २१ वर्षं झाली. तुरीची आवक, डाळ, चुनी, बारदान, जीएसटी, सगळं टॅलीत घालायचं आणि शेठ मागतील तेव्हा काढून दाखवायचं. हातात ३४ हजार पडतात. त्रास म्हणाल तर काही नाही, शेठ भले आहेत. पण संध्याकाळी गाडीला किक मारताना आज दिवसभर काय केलं, ते माझं मलाच सांगता येत नाही.

तीन वर्षांपूर्वी ऐन अखाजीच्या (अक्षय्य तृतीया) आठवड्यात पारोळ्याकडे भावाची पाणबुडी मोटर जळाली. ती घेऊन इथल्या एका वाइंडिंगच्या दुकानात आलो. कारागीर एकटेच, पोऱ्या लग्नाला गेलेला. म्हणाले, "थांबायचं असेल तर बसा आणि तार धरा." बसलो तो रात्री अकरापर्यंत. तेव्हापासून माझा एकही रविवार घरी गेलेला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जळकी तार ओढून काढायची, खाचा साफ करायच्या, नवं इन्सुलेशन बसवायचं आणि मग पीव्हीसी चढवलेली तांब्याची तार एकेक फेरा हाताने ओवायची. या मोटरीच्या आतही पाणीच असतं, त्यामुळे तारेला बारीक ओरखडा राहिला तरी ती पुन्हा जळते. फेरे चुकवून चालत नाही, आणि मोजण्यात माझा हात कोण धरणार! शेवटी मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायचा, टाकीत सोडून चालवायची. ती एका सुरात घुमायला लागली की मला जे वाटतं ते मार्चएंडचा ताळेबंद जुळल्यावर कधी वाटलेलं नाही. आणि समोर तो शेतकरी उभा असतो, केळीला चार दिवस पाणी नाही म्हणून तोंड सुकलेलं.

ते कारागीर, म्हणजे माझे उस्ताद, आता ६१ वर्षांचे आहेत. मुलगा पुण्यात कॉम्प्युटरमध्ये, तो काही येत नाही. मला म्हणतात, "दुकान तुम्ही चालवा, मला बसायला खुर्ची राहू द्या."

अडचण पैशाची आहेच. घराचा हप्ता ९ हजार, अजून चार वर्षं. मुलगी बारावीला. मार्च ते जून दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. व्होल्टेज पडतं, एखादा फेज जातो, बोअर आटून मोटर कोरडी चालते, मग रांग लागते. पावसाळ्यात मात्र आठवड्याला एखादी मोटर. त्यात आता गावोगाव सौर पंप बसतायत. हा धंदा दहा वर्षांनी राहील का?

दुसरी अडचण घरची. आई म्हणते, "तुले काय कमी से रे भो? पंखाखालनी नोकरी सोडीसन हात काळा करशी का?" बायको तसं बोलत नाही, पण परवा एवढंच म्हणाली, "उद्या पोरीच्या स्थळाला काय सांगायचं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कुणी या वयात असा खालचा (लोकांच्या मते) जिना उतरलंय का?

तापीकाठ: दादा, मी रावेर तालुक्यातला केळीवाला. सौरचं तुमचं भ्याव निम्मं खरं आहे. सरकारी योजनेतल्या पंपाची पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडे असते, ती मोटर तुमच्या दारात येणार नाही. पण योजना ३, ५ आणि साडेसात एचपीपर्यंतच. आमच्याकडे बोअर इतके खोल गेलेत की त्याहून मोठ्या मोटरी टाकाव्या लागतात, त्या लाइटीवरच राहणार. तीन फेज लाइट कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा, त्यात मोटर जळायची ती जळतेच. मोठ्या मोटरीत हात बसवा. आणि दिलेल्या वेळेला मोटर द्या, निम्मे कारागीर तिथेच मार खातात.

सरळव्याज: आधी ग्रॅच्युइटी मोजा. शेवटचा बेसिक अधिक डीए भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. समजा १८,२०० असेल तर २१ वर्षांचे २,२०,५०० होतात. पेन्शन फंडात दहा वर्षांच्या वर झालीत म्हणजे ती रक्कम काढता येत नाही, ५८ नंतर पेन्शन मिळते. पन्नाशीनंतर आधी घेतलीत तर दर वर्षामागे ४ टक्के कपात. पीएफ मात्र दुकानात घालू नका, मी घातला होता.

भरीतपार्टी: पीएम विश्वकर्मामधून कर्ज मिळेल ना?

सरळव्याज: नाही. त्यात १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, मोटर वाइंडिंग नाही. पीएमईजीपीला (स्वयंरोजगाराची सरकारी कर्ज योजना) वयाची वरची अट नाही, पण ती नव्या युनिटला असते, चालू दुकान घेतलंत तर अडेल. जिल्हा उद्योग केंद्रात आधी विचारून या.

माहेरचोपडा: पावसाळ्याचं एवढं काय? चार-पाच दुकानांचे हिशेब आणि रिटर्न घरून धरा. मुनीमगिरी सोडायची कशाला, पाळीत बदला. स्थळाचं म्हणाल तर माझे वडील सायकलचे पंक्चर काढायचे. पाहुण्यांनी विचारलं की आई सांगायची, "दुकान आहे." खोटं थोडंच होतं?

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. माहेरचोपडा ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती हसली, हो-नाही काही म्हणाली नाही. तापीकाठ दादा, तुमचं वाचून उस्तादांना विचारलं, गेल्या तीन वर्षांत कोणत्या महिन्यात किती एचपीच्या किती मोटरी आल्या? ते म्हणाले, हिशेब आहे, भिंतीवर खडूने. तारेची बिलं एका सिमेंटच्या गोणीत भरून ठेवलीत. रविवारी ती गोणी घरी आणतोय.