रोजचं, दोघांचं असं काही : तुमचे अनुभव लिहा

लग्नाला वर्षं झाली की नवरा-बायकोचं बोलणं काही कमी होत नाही. फक्त ते बिलं, मुलांचा अभ्यास आणि 'तुझ्या आईचा फोन येऊन गेला' एवढ्यावर येऊन थांबतं. त्यापलीकडे तुमचं काही ठरलेलं आहे का? वाढदिवस, सहली नकोत. एरवीच्या मंगळवारीही जे घडतं ते लिहा. फसलेले प्रयोगही चालतील.

*

आम्ही दोघंही शिफ्टवाले. तो घरी येतो तेव्हा मी निघालेली असते. म्हणून फ्रिजवर एक वही टांगली आहे. तिच्यात निरोप लिहायचे नाहीत, त्यासाठी मोबाइल आहे. वहीत फक्त बिनकामाचं. परवा त्याने लिहिलं, 'लिफ्टमध्ये एक माणूस गुणगुणत होता, मी शिरल्यावर गप्प झाला.' मी खाली लिहिलं, 'मिशी काढ. लोक घाबरतात.' पेन दोरीने बांधावं लागलं, लेक पळवते.

*

भांडण चालू असलं तरी निघणाऱ्याला सोडायला दारापर्यंत जायचं. कधी नुसतंच 'किल्ली घेतलीस?' तेही घुश्शात. पण जायचं.

*

आमच्या समुपदेशक बाईंनी जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची एक पद्धत सांगितली. दिवस संपल्यावर साधारण २० मिनिटं बाहेरच्या ताणाबद्दल बोलायचं, एकमेकांच्या तक्रारी त्यात आणायच्या नाहीत. ऐकणाऱ्याने मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. इथेच खरी गोम आहे. माझा नवरा इंजिनिअर. मी साहेबांबद्दल दोन वाक्यं बोलले की त्याचा तोडगा तयार. आता तो उशी पोटाशी धरून बसतो आणि फार झालं तर विचारतो, 'नुसतं ऐकू, की काही सुचवू?' बहुतेकदा नुसतंच ऐक म्हणते. क्वचित सुचव म्हटलं की स्वारी खूश.

गॉटमन यांचंच आणखी एक. 'हे बघ ना' अशा साध्या हाकेला पुढे संसार टिकलेल्या जोडप्यांनी ८६ टक्के वेळा ओ दिली होती, मोडलेल्यांनी ३३ टक्के, असं ते सांगतात. हे ऐकल्यापासून जेवताना आमचे दोघांचेही फोन दुसऱ्या खोलीत असतात.

*

ठरवून गप्पा आम्हाला जमल्या नाहीत. सकाळी जोडीने फिरायला जायचं ठरवलं, तर त्याची हजेरीच झाली. कोण उशिरा उठलं याचा हिशेब सुरू. टिकलं ते न ठरवलेलं. झोपण्याआधी शब्दकोडं. आडवे शब्द तिचे, उभे माझे, आणि अडलं की एकमेकांच्या हद्दीत घुसायची मुभा. मी मुळात कमी बोलणारा. कोड्याच्या निमित्ताने दिवसभराचं काहीबाही निघतं.

*

आम्ही सत्तरीतले. आठवड्याच्या गोळ्यांचे डबे आम्ही एकमेकांचे भरतो, स्वतःचा भरायचा नाही. मुलाला काळजी, अदलाबदल झाली तर? म्हणून शेवटी ज्याचा डबा त्याने तपासायचा, म्हणजे वाद घालायला विषयही मिळतो. कोड्याची कल्पना छान आहे, पण आमच्याकडे आडवे कोणाचे यावरूनच वाजेल.